बिनरस्त्याचा बँड

मास्तर माझी खोली सोडून मलकापूरला राहायला गेले, डोंगरातली लग्नं तिथून जवळ पडतात म्हणून. हे आधीच सांगून टाकते, कारण कुणाबद्दल असं लिहायला बसलं की लोक पहिलं विचारतात, वारले का? वारले नाहीत. चांगले ठणठणीत आहेत, दोन वेळा जेवतात आणि अजूनही फोन करून माझ्याशी भांडतात.

शिवाजी पेठेत माझं घर आहे. घराच्या मागं म्हशींचा गोठा आणि गोठ्याला लागून एक खोली. शेणामुताच्या वासानं त्या खोलीत भाडेकरू टिकत नसे. मास्तर खोली बघायला आले तेव्हा त्यांनी भिंतीवर बोटानं टकटक केली, मग सरळ गोठ्यात जाऊन एकदा जोरात खोकले आणि खोकला कसा घुमतो ते ऐकत उभे राहिले. मला वाटलं, दमेकरी आहे. उद्या इथंच आडवा झाला तर निस्तरायचं मलाच.

"घेतली खोली," म्हणाले. "गोठ्यात आवाज झ्याक घुमतोय."

"आवाज घुमवून काय करायचंय तुमाला?"

"वाजवायचं की, वैनी."

मास्तर म्हणजे बँडमास्तर. क्लॅरिनेट वाजवायचे. एके काळी आमच्या भागात त्यांच्या बँडशिवाय वरात निघत नसे. लाल कोट, त्यावर सोनेरी पट्टी, डोक्यावर तुऱ्याची टोपी. मग डीजे आला. टेंपोवर भिंतीएवढे स्पीकर रचायचे आणि गल्लीतल्या भांड्यांना थरथर सुटेपर्यंत वाजवायचं. मास्तरांची माणसं एकेक करून घरी बसली. शेवटी चौघं उरले. मास्तर, एक ट्रंपेटवाला, एक साईड ड्रमवाला आणि एक झांजवाला. सगळ्यांचे केस पांढरे.

दुसरा कुणी वाद्य माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. मास्तरांनी डोकं चालवलं. मी धार काढत होते आणि हे गोठ्याच्या दारात उभं राहून मला समजावत होते.

"डीजेला काय लागतंय वैनी? टेंपो. टेंपोला काय लागतंय? रस्ता. म्हंजे रस्ता न्हाय तितं डीजे न्हाय. आनि बँडला काय लागतंय? नुसतं पाय."

"पाय तर तुमचे गेल्यात."

"गेलं न्हाईत. दुखत्यात निस्तं."

त्या दिवसापासून फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. एकदा गडमुडशिंगीहून लग्नासाठी एकाचा फोन आला. मास्तरांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन मोठ्या आवाजावर ठेवायचे. त्यामुळं सगळं मलाही ऐकू येत होतं.

"गाडी जातीया का तुमच्या दारात?" मास्तरांनी विचारलं.

"जातीय की! अगदी मांडवाला लागून थांबती. तुमाला काय सुदीक तरास न्हाय."

"मग न्हाय येत आमी."

पलीकडच्या माणसाला वाटलं, मास्तरांना नीट ऐकू आलं नाही. मग म्हणाला, "आवो मास्तर, गाडी जाती म्हनलो मी. जाती."

"आयकलं की. जाती म्हनूनच न्हाय येत."

मी कपाळावर हात मारला. चालून आलेलं लग्न कुणी असं घालवतं का? पण त्यांना सांगायला गेलं की म्हणायचे, "तितं आमी वाजवून काय उपेग? मागनं टेंपो येनार, आनि आमी म्हंजे जेवनाआधीची चटनी."

मग ते वाजवायचे तरी कुठं? कुठंही. उसाच्या हंगामात शेताच्या आत आत असलेल्या गुऱ्हाळावर जायचे आणि काहिलीत रस उकळत असताना बाजूला उभं राहून वाजवायचे. उन्हाळ्यात कुणाच्या तरी कोरड्या विहिरीत उतरून वाजवून आले. वर काठावर गाव जमलं होतं आणि खाली हे चौघं. आणि रोज सकाळी माझा गोठा. पेपरात येतं की गाणं लावलं की म्हशी जास्त दूध देतात. खोटं आहे. माझ्या म्हशींनी मास्तरांच्या वाजवण्यावर कधी एक थेंब जादा दिला नाही. कमीही दिला नाही, हेच पुष्कळ.

एका पावसाळ्यात पंचगंगा शहरात शिरली. पुरातली माणसं एका शाळेत आणून ठेवली होती आणि शाळेच्या चारी बाजूंना पाणी. मी दूध घेऊन बोटीतून निघाले तर मास्तर आधीच बोटीत बसलेले. "गाडी जात न्हाय, म्हंजे आपलंच काम," म्हणाले. शाळेत जाऊन त्यांनी क्लॅरिनेट काढली तसा एक माणूस अंगावर धावून आला.

"घरं बुडाल्यात आमची, आनि तुमाला गानी सुचाल्यात?"

मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतली. "बरं. काय वाजवू नको ते सांगा."

"म्हंजे?"

"काय आयकलं की तुमाला तरास हुईल तेवढं सांगा. ते सोडून वाजवतो."

तो माणूस बुचकळ्यात पडला. म्हणाला, "वरातीचं नको. पोरीच्या लग्नाचं सामान सगळं पान्यात गेलंय."

मास्तरांनी मान हलवली आणि भजनाच्या चाली वाजवल्या. वरातीची एकही नाही. नंतर तोच माणूस चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसला. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा माणूस दिसतो तितका बावळट नाही. पण मी त्यांना तसं सांगितलं नाही. आधीच हवेत असतात.

डोंगरातलं पहिलं लग्न त्यांना मिळालं ते मलकापूरच्या पुढं, वर धनगरवाड्यावर. गाडी खालच्या गावात सोडायची आणि तिथून चढ. त्या वस्तीत तोवर बँड कधी गेला नव्हता. त्यांचा गजीचा नाच आणि त्यांचे ढोल, त्यावरच त्यांची लग्नं होत. पण एका धनगर बाप्याच्या थोरल्या पोरीनं खाली कुठंतरी बँड बघितला होता आणि तिनं हट्ट धरला होता. त्या बापाला आम्ही पुढं नेहमी 'वरचे पावणे' म्हणायला लागलो.

मास्तरांची एक रीत होती. बँडनं मांडवात मुकाट्यानं जायचं नाही, वाजत शिरायचं. चढून चढून धापा टाकणारा बँड लोकांना दिसता कामा नये. म्हणून चौघं वस्तीच्या खाली करवंदीच्या जाळीमागं थांबले, घाम पुसला, गाठोड्यातले लाल कोट काढून घातले, दम खाल्ला आणि एकदम ट्रंपेट, झांजा, ड्रम वाजवत वर आले.

वाड्यावर बकरी मोकळी होती. त्यांनी असला आवाज आणि असले लाल कोट जन्मात बघितले नव्हते. सगळा कळप उधळला आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगाला उतरला. कळपामागं कुत्री, कुत्र्यांमागं वऱ्हाड. नवरदेवही बाशिंगासकट पळाला म्हणे.

"लगीन लावाया आलायसा का बकरी पळवाया?" वरचे पावणे ओरडले.

चौघांनी वाद्यं खाली ठेवली आणि कोटासकट बकऱ्यांमागं धावले. मुहूर्त टळला. बकरी गोळा होईपर्यंत उन्हं कलली आणि मग अक्षता पडल्या. हे सगळं ट्रंपेटवाल्यानं माझ्या दारात बसून मला सांगितलं, तेव्हा हसून हसून माझ्या हातातली चरवी कलंडली. मास्तर मात्र तोंड फुगवून बसले होते.

"हसताय काय वैनी. आमी वाजवलं ते चांगलंच झालं."

"बकऱ्यांनी सांगितलं काय?"

पण खरोखर चांगलं झालं असावं. कारण त्यानंतर त्या वाड्यावरून आणि आजूबाजूच्या वाड्यांवरून लग्नांची बोलावणी यायला लागली. मास्तर झांजवाल्याला पुढं पाठवायचे, "बकरी बांधली काय?" असं विचारायला. बांधल्याचा निरोप आला की मगच हे कोट चढवायचे. डोंगरात त्यांचं नाव झालं. वर्षातली निम्मी लग्नं तिकडचीच. चौघं म्हातारे त्याच्यावर ताठ उभे होते. घरी बसलेल्यांची घरी काय अवस्था होते ते मी पेठेत रोज बघते, म्हणून सांगते.

मग एका सकाळी वरचे पावणे आमच्या गोठ्यात आले. खांद्यावर घोंगडं, पायताणं दारात काढलेली. मी चहा ठेवला. ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सून बाळंत झाली."

"काय झालं?" मी विचारलं.

"पोरगी. पन वाटंत झाली. घोंगड्याची झोळी करून खाली आनत हुतो, निम्म्या उतारावर आडली. तितंच धोंड्याच्या आडोशाला... माझ्या म्हातारीनं सोडवली. दोगी जगल्या. मागल्या साली शेजारच्याची न्हवती जगली."

मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली.

"आता बास झालं," पावणे म्हणाले. "सरकारी परवानगी मिळालीया. खडी-डांबराचं मागनं बघू म्हनत्यात सायेब. पन जीप चढंल असा कच्चा रस्ता आमीच काढायचा ठरवलाय. समद्या वाड्यांनी मिळून. सुगी झाली की सुरू. ते सांगाया आलतो. तुमी आमच्यातलंच, म्हनून."

मला वाटलं मास्तर म्हणतील, बरं झालं. मास्तर भिंतीकडं बघत म्हणाले, "रस्ता झाला की डीजे येनार."

पावण्यांना त्याचा अर्थ कळला नाही. मला कळलं.

"मास्तर," मी म्हणाले, "तुमच्या पिपानीसाठी त्यांच्या सुनांनी धोंड्याआड बाळंत व्हायचं काय?"

"मी तसं म्हनलो का?"

"मग कसं म्हनलासा?"

ते उठले आणि खोलीत जाऊन दार लावलं. पावण्यांना मी दूध दिलं आणि गाडीवर बसवून दिलं. पुढं बरेच दिवस गोठ्यात क्लॅरिनेट वाजली नाही. मास्तर खाली मान घालून नळावर पाणी भरायचे आणि माझ्याशी बोलायचे नाहीत. मीही बोलले नाही. मी खोटं काही बोलले नव्हते. पण त्यांना भीती कशाची वाटते हेही मला दिसत होतं. पेठेतून त्यांना टेंपोनं हाकललं होतं. आता तो टेंपो डोंगर चढणार. त्याच्यावर आणखी डोंगर नव्हता.

सुगी संपली. एका पहाटे बघते तर खोलीला कुलूप. मास्तर गेले होते. आणि एकटे नाही, चौघं. लाल कोटांची गाठोडी घेऊन.

ते रस्त्याच्या कामावर वाजवायला गेले होते.

तिथली हकिगत मला पुढं पावण्यांनीच सांगितली. पहिल्या दिवशी मास्तरांनी लग्नात नाचायला वाजवतात तसलं जोरदार वाजवायला घेतलं. कुदळी त्या ठेक्यावर पडायला लागल्या. माणसं ईर्षेला पेटली आणि ऊन चढायच्या आत सगळी जागच्या जागी आडवी झाली. एकाच्या दोन्ही तळहातांना फोड आले. "मास्तर, वाजवा पन जीव घेऊ नगा," असं बायकांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सावकाश भजन घेतलं. कुदळ वर गेली की खाली यायचं नाव नाही. एक म्हातारा कुदळीवर टेकून डोळे मिटून उभाच राहिला.

"मास्तर," पावणे म्हणाले, "आसं वाजवलासा तर नातवाच्या लग्नाला रस्ता पुरा हुईल."

मग मास्तरांनी वाद्य बाजूला ठेवलं, स्वतः कुदळ घेतली आणि कुदळीला किती दम लागतो ते बघितलं. तिसऱ्या दिवशी वरातीची चाल घेतली. नवरा-नवरी पुढं आणि म्हातारी माणसं मागं, सगळ्यांना झेपेल अशी ती चालायची चाल. त्या ठेक्यावर माणूस दिवसभर खणू शकतो, असं निघालं. दगड उचलायचा असला की साईड ड्रमवाला एक थाप द्यायचा आणि सगळे एकदम जोर लावायचे. थंडी संपेपर्यंत चौघं तिथंच राहिले. नाचणीची भाकरी खाऊन मास्तर वाळून काठी झाले.

परत आले तेव्हा मी विचारलं, "झाला रस्ता?"

"झाला."

"जीप चढली?"

"चढली की. मागनं ढकलायला लागली एका वळनावर, पन चढली."

एवढंच बोलणं झालं. मी त्यांना दुधाचा तांब्या दिला. त्यांनी घेतला.

रस्ता झाल्यावरच्या पहिल्या लग्नसराईत तिकडून फोन आला नाही. मास्तर फोन समोर ठेवून बसायचे आणि मी गेले की वाद्य पुसत असल्यासारखं करायचे. ट्रंपेटवाल्यानं बातमी आणली की खालच्या वाड्यावर डीजे गेला होता. पोरं नाचली. "नाचू देत की," मास्तर म्हणाले. "पोरंच ती." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला ते जास्त वाईट वाटलं. रागावलेले मास्तर मला माहीत होते, हे नवीन होते.

आणि मग वरच्या पावण्यांची जीप थेट आमच्या गल्लीत येऊन उभी राहिली. धाकट्या पोरीचं लग्न काढलं होतं.

"मास्तर, चला."

"डीजे न्हाय सांगितला?"

"सांगितलाय की. पोरं आयकत न्हाईत. रातच्याला तो. अक्षतेला आनि वरातीला तुमी. पन आवंदा चौघं नगं. पुरा बँड पायजे."

"पुरा?"

"तुमीच सांगत हुतासा न्हवं, खाली बँडात लई मान्सं हुती. कुनाचं गुडघं गेलं, कुनाला दम लागतुया, म्हनून वर येत न्हाईत. आता चढायचं कुटं हाय? जिपंत बसवा."

इतकी वर्षं मास्तरांनी रस्त्याचा हिशेब एकाच बाजूनं केला होता. रस्त्यावरून डीजे वर जातो, एवढंच त्यांना दिसलं होतं. म्हातारे वाजवणारेही त्याच रस्त्यानं वर जातील, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं, खरं सांगायचं तर.

पुढचे दिवस नुसती धावपळ. मास्तर जुन्या माणसांच्या दारोदार फिरले. मोठा ढोलवाला एका अपार्टमेंटवर वॉचमन होता, त्यानं बदली माणूस दिला. बेसवाल्याची पानपट्टी होती. बेस म्हणजे अंगाभोवती वेटाळायचा केवढा तरी मोठा पितळी कर्णा. तो घेऊन सपाटीवर चालताना धडधाकट माणूस घामाघूम होतो, डोंगर कुठला चढणार! या बाबाच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजलेल्या. तो म्हणाला, "मास्तर, तोंडात हवा ऱ्हायली न्हाय आता." मास्तर म्हणाले, "जेवढी हाय तेवढी घिऊन ये." आमच्या गोठ्यात तालीम झाली. सगळे मिळून वाजवायला लागले तेव्हा माझ्या एका म्हशीनं दावं तोडलं.

लग्नाला मीही गेले. माझे गुडघे बेसवाल्यापेक्षा बरे नाहीत, पण जीपमध्ये पुढं बसले. रस्ता म्हणजे काय, लाल मातीची चीर, एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला दरी. एका वळणावर पावण्यांनी बोट दाखवलं. "ह्यो धोंडा." मी बघितला. साधा धोंडा होता. मागच्या जीपमध्ये म्हातारे वाद्यं मांडीवर घेऊन बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला झांजा वाजत होत्या.

वस्तीच्या खाली जीप थांबवल्या. बकरी बांधल्याचा निरोप आला. म्हाताऱ्यांनी कोट घातले. कुणाला सैल झाले होते, कुणाची बटणं लागत नव्हती. बेसवाल्याला दोघांनी धरून उभा केला आणि तो कर्णा त्याच्या अंगात अडकवला. मास्तरांनी हात वर केला.

मी गाणंबिणं समजणारी बाई नाही. पण त्या बेसचा पहिला आवाज निघाला तसा तो पायांतून वर आला. समोरच्या डोंगरावर जाऊन परत फिरला. मांडवातली माणसं उठून उभी राहिली. चौघांचं वाजवणं त्यांना ठाऊक होतं, तेच पुरं आहे असं ती समजत होती. नवरी अंगावर हळद, कपाळाला मुंडावळ्या अशी दारात आली ती तिथंच थांबली. आजवर निम्मंच वाजायचं ते आता सगळं एकत्र वाजत होतं. बेसवाल्याचा चेहरा लालबुंद झाला होता, पण त्यानं मांडवापर्यंत एक फुंकर चुकवली नाही.

मांडवात त्याला खुर्ची दिली. पावण्यांची म्हातारी काठी टेकत आली, जिनं त्या धोंड्याआड सून सोडवली होती ती. तिनं बेसच्या पितळी तोंडात वाकून बघितलं, आत हात घातला, बाहेरून चापटी मारली. मग मास्तरांकडं वळली.

"काय रं मास्तर, इतकी लग्नं वाजवलीस आमच्यात. ह्यो येवढा दांडगा बाजा आजपातूर कुटं लपवून ठेवलातास?"

मास्तरांनी टोपी काढून घाम पुसला.

"रस्ता न्हवता की, आज्जी," ते म्हणाले.